बर्फाच्या कंपनीचे शेअर

ते प्रकरण आठवले की माझी आजही चिडचिड होते. खून, दरोडे, अफरातफरी, सगळे पाहून झाले. त्यांपैकी बरेचसे मी विसरलेही आहे. पण ज्या प्रकरणात गुन्हाच झालेला नव्हता, ते मात्र मनातून जात नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झाले होते. आजचा रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. मी मुंबईत फौजदार म्हणून रुजू होऊन दोन वर्षे झाली होती. महिला फौजदार त्या काळी इतक्या थोड्या होत्या, की कोणत्याही तपासात बायकांचे जबाब घ्यायचे म्हटले की मला पाठवत. या तपासात तक्रारीचे सगळे कागदही इंग्रजीत होते. माझे शिक्षण इंग्रजी शाळेतले, त्यामुळे इन्स्पेक्टरसाहेबांनी माझे नाव सुचवले. रेवसपर्यंत लाँच, पुढे एसटी, रेवदंड्याला तरीने खाडी ओलांडून पुन्हा एसटी, असे करत ते आणि मी मे महिन्याच्या अखेरीस एका गुरुवारी दुपारी तालुक्याच्या ठाण्यात पोहोचलो.

तक्रार अशी होती. किनाऱ्यावर बर्फाचा कारखाना आणि शीतगृह काढण्यासाठी एक कंपनी निघाली होती. तिचे शेअर बाजारात आणण्याचे काम मुंबईच्या एका पेढीने घेतले होते. या पेढीचा धंदाच तो. नव्या कंपनीची योजना तपासायची, शेअरची किंमत ठरवायची, माहितीपत्रक छापायचे आणि लोकांनी शेअर घेतले नाहीत तर उरलेले आपण घेऊ अशी हमी द्यायची. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणीचे चित्र होते. ते पाहून म्हणा, की बर्फ आपल्याच मासळीसाठी आहे म्हणून म्हणा, इथल्या कोळीवाड्यातल्या अडतीस घरांनी थोडे थोडे शेअर घेतले. आणि मे महिन्यात त्या अडतीसही घरांनी ते एकदम विकायला काढले.

पेढीच्या मॅनेजरांचे म्हणणे होते की कंपनी बुडणार अशी अफवा कोणीतरी मुद्दाम पसरवली, भाव पाडला आणि पडलेल्या भावात खरेदी करण्याचा डाव रचला. पुरावा म्हणून त्यांनी दलालाकडे आलेल्या पत्रांचा गठ्ठा जोडला होता. अडतीस पत्रे, एकच मजकूर, एकच हस्ताक्षर, टपालाचा शिक्का एकाच दिवसाचा. खाली अंगठे.

हस्ताक्षर कोणाचे हे शोधायला पाच मिनिटेही लागली नाहीत. ते प्राथमिक शाळेच्या मास्तरांचे होते. ठाण्यातल्या हवालदारांनी आम्ही पोहोचण्याच्या आदल्या दिवशीच, बुधवारी दुपारी दोन वाजता, त्यांना अटक केली होती. मॅजिस्ट्रेटसमोर उभे करून शनिवारपर्यंत कोठडीही घेतली होती.

ठाणे दैनंदिनीत अटकेची वेळ वाचली आणि मी अस्वस्थ झाले. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित होतो. त्यासाठी दोषी ठरावे लागत नाही. शाळा मंडळाच्या मास्तरांनाही तोच नियम होता. यांच्या पेन्शनला दोन वर्षे उरली होती. म्हणजे शुक्रवारी दुपारी दोनच्या आत काहीतरी ठरायला हवे होते. मी हे इन्स्पेक्टरसाहेबांना हळूच सांगितले. ते म्हणाले, तपास घड्याळ बघून होत नसतो.

मॅनेजर आमच्या आधीच येऊन बसले होते. उन्हाळ्यात कोट घातलेला तेवढा एकच माणूस त्या गावात असावा. ठाण्यातला एकमेव टेलिफोन त्यांनी ताब्यात घेतल्यासारखाच होता. दर अर्ध्या तासाने ते मुंबईचा ट्रंक कॉल मागत, भाव विचारत, मग खिशातून सोड्याची पुडी काढून पाण्यात घालून पीत. या एका कंपनीच्या भागविक्रीसाठी त्यांनी दोन वर्षे रविवारसुद्धा पाहिला नाही असे ते मला सांगत होते. छापखान्यात प्रुफे तपासायला स्वतः उभे राहिले, एकेका आकड्यासाठी वकिलांशी भांडले. मला त्यांचे वाईट वाटले असते. पण दर वाक्याच्या शेवटी ते विचारत, "कबूल केलं का त्यानं?"

मास्तरांनी काहीच नाकारले नव्हते, हीच अडचण होती. पत्रे मी लिहिली, म्हणाले. कोळीवाड्यातली सगळी पत्रे, मनीऑर्डरी, अर्ज गेली बावीस वर्षे मीच लिहितो. कोणी सांगितले? ज्याचे पत्र, त्याने. आधी कोण आले? रांग होती, म्हणाले, आधी कोण ते पाहिले नाही. शेअर विकू नका असे तुम्ही का सांगितले नाही? यावर मात्र ते इन्स्पेक्टरसाहेबांकडे बघून म्हणाले, "साहेब, मुलाला मुंबईला पत्र लिहायला सांगतात तेव्हा मी काय लिहावं ते सांगत नाही. यातही नाही सांगितलं."

इन्स्पेक्टरसाहेबांनी तोच प्रश्न अकरा वेळा विचारला. मी मोजले, कारण मला लिहून घ्यायचे होते. मास्तरांनी अकरा वेळा तेच उत्तर दिले. कोठडीत त्यांना बसायला घोंगडी होती, चष्मा मात्र काढून घेतलेला होता. काच फोडून जीव देतील म्हणून, असे हवालदार म्हणाले. समोर बोलणारा माणूस दिसत नसल्यामुळे ते आवाजाच्या दिशेने बघत. मी तो चष्मा परत द्यायला लावला. त्या दिवशी मी धीटपणाने केलेले काम तेवढेच.

संध्याकाळपर्यंत मी कोळीवाड्यात जबाब घेत फिरले. माझी खाकी साडी पाहून एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "ही फौजदारीन हाय का नर्सबाय?" आणि ओट्यावरच्या सगळ्या जणी हसल्या. जबाब असे निघाले. कंपनी बुडणार असे तुला कोणी सांगितले? कोनी न्हाय. मग शेअर का विकलेस? सगल्यांनी इकले. मास्तरांनी सांगितले का? मास्तर कशाला सांगतील? पुढच्या घरी हेच. त्याच्या पुढच्या घरी हेच. बारा जबाब मी लिहिले आणि बाराही जबाब एकमेकांची नक्कल वाटत होते. इन्स्पेक्टरसाहेबांनी ते वाचून सांगितले की हेच कटाचे लक्षण, सगळे पढवलेले आहेत. मला राग आला.

शुक्रवारी सकाळी मी एकटीच किनाऱ्यावर गेले. होड्या पाण्यातून वर ओढून ठेवल्या होत्या आणि माणसे त्यांवर माडाच्या झावळ्यांची झापे बांधत होती. पावसात समुद्र बंद असतो, म्हणून होड्या अशा झाकून ठेवतात. एका नाखव्याची बायको झापे मोजून देत होती. नाखवा म्हणजे होडीचा मालक. पण पैशाचा व्यवहार कोळीवाड्यात बायकांच्या हातात, तेव्हा खरी मालकीण हीच. अडतीसांत सर्वांत जास्त शेअर तिचे होते. मी आदल्या दिवसाचे प्रश्न विचारलेच नाहीत. ते मलाच नकोसे झाले होते. मी नुसती तिच्याजवळ उभी राहिले आणि होड्या पाण्यात कधी जाणार एवढेच विचारले.

"नारली पुनवेला," ती म्हणाली. "तवर सगला बंद. खलाशांचा हिशोब करून ज्याचा वाटा त्याला देऊन टाकला. जाल्याचा वाटा, होडीचा वाटा, कंपनीचा पन काढला."

मी विचारले, कंपनीचा म्हणजे?

"मंग? होडी वर आली बाय. मासली न्हाय तं बर्फ कोनाला पायजे? आता पैसा आत ठेवून काय करायचा?"

"म्हणजे तुम्ही कंपनी सोडलीत?"

तिने हातातले झाप खाली ठेवले आणि माझ्याकडे नीट पाहिले. बारा जणींना छळणारी ती मीच, हे तिला ठाऊक होते.

"सोडली असा कोन बोलला? पुनवेला परत घालनार. हंगाम सरल्यावर जो वाटा उचलत न्हाय, तो भांडून गेला असा समजतात आमच्यात. आमचा कंपनीशी भांडन न्हाय."

काल हे का सांगितले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, "तू कोनी सांगितला, कोनी सांगितला, हेच इचारीत व्हतीस. कोनी सांगितला न्हाय ना."

मला स्वतःचीच चीड आली. शेअर कोणाच्या तरी हाती विकला की तो विकला, परत घ्यायचा तर त्या दिवशीच्या भावाने घ्यावा लागतो, हे या बायांना कोणी समजावले नव्हते. माहितीपत्रकाची चौदा पाने इंग्रजीत होती. आणि हंगाम संपला की हिशोब मिटतो, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

तरी प्रश्न उरत होता. भाव खरोखरच पडला होता. अडतीस घरांचे मिळून शेअर इतके थोडे, की त्याने भाव एवढा पडावा हे पटेना. तालुक्याच्या वाचनालयात इंग्रजी वर्तमानपत्राचे जुने अंक होते. ग्रंथपालांनी ते बांधून माळ्यावर टाकले होते, कारण बाजारभावाचे पान इथे कोणी वाचत नाही. तासभर त्या बारीक अक्षरांत डोळे घालून मी तारखा उतरवल्या. मास्तरांची पत्रे मुंबईत पोहोचली होती एकोणीस मेला. भाव उतरायला लागला होता बारा मेपासून, रोज थोडा थोडा.

साडेबारा वाजता ठाण्यात येऊन मी तो कागद मॅनेजरांपुढे ठेवला. मला वाटले होते ते नाकारतील, निदान चपापतील. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा पुसला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तेव्हापासून आम्हीच विकत होतो. हमी दिल्यामुळे निम्म्याहून जास्त शेअर आमच्या गळ्यात पडले. ते धरून बसलो तर पुढची कंपनी बाजारात आणायला पैसा कुठून आणू? म्हणून रोज थोडे, चार दलालांकडून, कुणाच्या लक्षात येऊ नये असे. बाजाराला धक्का न देता विकणं हेच तर आमचं काम आहे."

"मग ही तक्रार?"

"भाव पडला की मोठे भागधारक कारण विचारतात. काहीतरी कारण द्यावं लागतं, बाई."

हे त्यांनी मला समजावून सांगावे तसे सांगितले. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतच नव्हते. उलट बाजारात लोकांचा विश्वास टिकला पाहिजे, यावर त्यांनी मला दहा मिनिटे ऐकवले.

मी इन्स्पेक्टरसाहेबांना म्हटले, मास्तरांना जातमुचलक्यावर सोडू या, दोन वाजायला तास आहे. साहेबांना पटले होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण तक्रारदार वजनदार होता. डीएसपीसाहेबांना विचारल्याशिवाय सोडणार नाही, म्हणाले. डीएसपीसाहेब अलिबागहून दौऱ्यावर निघाले होते. पोयनाडला फोन केला तर ते तिथून गेलेले. पेणला केला तर तिथे पोहोचायचे होते. दोन वाजले. मी दैनंदिनी उघडून बसले होते. तीन वाजले. मॅनेजरांनी मध्येच आपला ट्रंक कॉल मागितला. तेव्हा नोकरीत पहिल्यांदा मी आवाज चढवला आणि त्यांना फोनला हात लावू नका म्हणून सांगितले. साडेचारला पेणहून डीएसपीसाहेबांचा फोन आला. त्यांनी दोन मिनिटांत परवानगी दिली आणि वर विचारले, याला मला कशाला विचारायचं?

मास्तर पाच वाजता सुटले. एक्कावन्न तास. ठाण्याबाहेर कोळणी दुपारपासून उन्हात बसून होत्या.

तक्रार खोटी होती असा अहवाल मी लिहिला. वरून तो बदलून आला. त्यात तक्रार गैरसमजातून झाली असे लिहिले होते. मॅनेजरांवर काहीही झाले नाही, कारण शेअर विकणे हा गुन्हा नाही. मास्तर मात्र निलंबित झाले. तीन तासांसाठी कोणाचे मन द्रवले नाही. ते पुन्हा कामावर यायला चौदा महिने गेले. मी शाळा मंडळाला चार पत्रे पाठवली, त्यांतल्या एकाचे उत्तर आले.

दीड वर्षाने दुसऱ्या एका कामासाठी त्या बाजूला जाणे झाले, तेव्हा मी शाळेत गेले. त्यांनी मला ओळखले, खुर्ची दिली, चहा मागवला. कोळीवाड्यातले कोणी नारळी पौर्णिमेला कंपनीत परत आले का, असे मी विचारले. कोणीच नाही, म्हणाले. बायका आल्या होत्या पैसे घेऊन. पण फॉर्म भरायचा होता.

"आणि तुम्ही?"

"मी आता लिहीत नाही, बाई. पत्रसुद्धा नाही. बायका आता बंदरावरच्या दुकानदाराकडे जातात. तो ओळीमागे आणा घेतो, आणि काय लिहितो ते त्यांना कळत नाही."

कारखान्याच्या जागेवर तेव्हा नुसते जोते होते.

मॅनेजर ज्या विश्वासाबद्दल बोलत होते तो मी नंतर बँकांच्या, पतपेढ्यांच्या, बुडीत कंपन्यांच्या तपासात पुष्कळ वेळा ऐकला. अडतीस घरांचा एका माणसावर बावीस वर्षे होता तसा मला परत कुठे दिसला नाही. तो आम्ही एक्कावन्न तासांत घालवला. पुढच्या नोकरीत मी एक सवय लावून घेतली. बरीच माणसे एकदम एकसारखी वागली, तर त्यांना कोणी चिथावले हे विचारण्याआधी ती माणसे या दिवसांत दर वर्षी काय करतात ते मी विचारायची. त्याने पुढे दोन-तीन निरपराध माणसे सुटली. मास्तरांना त्याचा काही उपयोग झाला नाही.