तात्यांची भजनं आणि तांबडा दोरा

मी भक्त आहे, पण सबुरीचा भक्त नाही. दत्तमहाराजांपुढे हात जोडून उभा राहिलो तरी माझा एक पाय दाराकडे असतो, असं आमच्या सौ. म्हणतात, आणि ते खोटं नाही. जन्मापासून डोळे नाहीत. साताऱ्यात एका सरकारी कचेरीत तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होतो. ‘थांबा, बघून सांगतो’ हे वाक्य त्या तीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं की थांबणं या गोष्टीचाच मला राग येऊ लागला. म्हणून बोलणारा लॅपटॉप हातात आला तेव्हा मला मोक्ष मिळाल्यासारखं झालं. त्याचा आवाज मी इतका भरधाव लावून ठेवला होता की ऐकणाऱ्याला कढईत फुटाणे उडताहेत असं वाटावं. तेवढ्यानंही माझं भागत नसे. वाक्याचा अंदाज आला की बटण दाबून मी त्याचं तोंड बंद करायचो.

आमच्या गावच्या भजनी मंडळाचे वीणेकरी तात्या. त्यांनी स्वतः रचलेली दत्ताची भजनं शंभरावर होती आणि एकही कागदावर नव्हतं, कारण तात्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी म्हणायचं आणि मी टाइप करायचं, असं आम्ही चार हिवाळे बसलो. माझ्या घाईवर ते हसायचे. “समदी पुरी झाली की मला वाचून दावायची,” ते म्हणायचे. “जितं चुकशील तितंच थांबवीन तुला. तसंच पुढं जाऊ द्यायचा न्हाई.” मी हो म्हटलं होतं. शेवटचं भजन लिहून झालं आणि पंधरा दिवसांत तात्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांची लेक शालन त्यांना सांगलीजवळ कुपवाडला आपल्या घरी घेऊन गेली. मार्गशीर्षात तिचा फोन आला. डॉक्टरांनी हात टेकले होते. “काका, ऐकू समदं येतंय त्यास्नी. तुमचं नाव काढलं की दाराकडं बघत्यात,” ती म्हणाली. मी म्हटलं, उद्या येतो, भजनं घेऊन येतो.

त्याच संध्याकाळी लॅपटॉप मुका झाला. चालू केला की पंखा फिरे, पण आवाज नाही. चार-चार वेळा बंद-चालू करून मी ओळखलं की विंडोज बसलं, नव्यानं टाकावं लागणार. घाबरलो नाही. सगळं तोंडपाठ होतं, आणि भजनांची एक प्रत पेन ड्राइव्हवर होती. माझ्याकडे दोन पेन होते, हाताला अगदी सारखे. भजनांच्या पेनला मी औदुंबरहून आणलेला तांबडा दोरा बांधून ठेवला होता. दुसरा मोकळा. शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवर बसलो, मोकळा पेन लावला आणि त्यावर विंडोजची फाइल चढवायला घेतली. त्यांचा कॉम्प्युटर ‘या पेनवरचं सगळं...’ एवढं बोलला आणि मी सवयीनं त्याचं तोंड बंद केलं. आत काय आहे ते एकदा ऐकून बघावं, एवढीही सबुरी मला नव्हती.

घरी येऊन दोऱ्याचा पेन सौ.च्या हाती दिला, म्हटलं हा जपून पिशवीत टाक, यात तात्या आहेत. ती म्हणाली, “आवं, खंडेनवमीला पूजेत मांडलं तवा जुना दोरा पार कुजला हुता. मी काढला आन् नवा बांधला. दोन्ही पेन शेजारीच हुते. ह्यालाच बांधला का त्याला, काय ध्यानात न्हाई बया.” मी तसाच शेजारच्यांकडे परत गेलो आणि दोऱ्याचा पेन लावून ऐकला, त्यात भजनं नव्हती. दरवर्षी खंडेनवमीला ती माझ्या लॅपटॉपला, फोनला, पांढऱ्या काठीला हळदकुंकू लावते, शेतकरी अवजारांना लावतो तसं. तिचा भाव खरा होता. दोरा दुसऱ्या पेनला गेला होता आणि भजनांचा पेन मी माझ्याच हातानं पुसला होता. आता तात्यांची भजनं फक्त त्या मुक्या लॅपटॉपच्या पोटात, डी ड्राइव्हमध्ये उरली होती. विंडोज टाकताना चुकीच्या जागी एक बटण दाबलं गेलं की तीही संपली. आणि विंडोज टाकतानाचे पडदे माझ्या लॅपटॉपवर बोलत नाहीत. तिथं डोळेच लागतात, तेही इंग्रजी वाचणारे. ठरवलं, सांगलीत एखाद्या दुकानात बसून करून घ्यायचं.

त्या रात्री मी महाराजांशी भांडलो. मोठ्यानं नाही, पण मनातल्या मनात काहीच बाकी ठेवलं नाही. डोळे दिले नाहीस, चालवून घेतलं. निदान हात तरी चुकू द्यायचा नव्हतास. तुझीच भजनं होती ना ती? सकाळी सांगलीच्या गाडीत बसलो तेव्हाही हेच चाललं होतं. कराड गेलं, इस्लामपूर गेलं, मांडीवरच्या बॅगेवरचा हात मी एकदाही उचलला नाही. शेजारच्या बाई प्रसाद म्हणून खडीसाखर देत होत्या. मी नको म्हटलं.

सांगलीत उतरून एका दुकानात गेलो. झेरॉक्स, टायपिंग, दुरुस्ती, सगळं एकाच खोलीत. दुकानदारानं लॅपटॉप चालू करून पाहिला. “काका, स्क्रीनच गेलीय तुमची. काळी ठिक्कर. आत डिस्कपण गेली असणार. ठेवून जावा, सगळं फॉरमॅट मारून देतो.” फॉरमॅट हा शब्द ऐकून माझा तोल गेला. मी त्याला काय काय बोललो ते लिहायला आता लाज वाटते. तो बिचारा जेवायला निघून गेला. मी तिथंच स्टुलावर बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचं काही सुचेना. तोंडातून एवढंच निघालं, महाराज, आता तुम्हीच बघा, मला दिसत नाही.

“बघू का जरा?” बाजूनं आवाज आला. दवाखान्याच्या कागदांची झेरॉक्स काढायला आलेले एक वयस्क गृहस्थ होते. इस्माईलभाई, मिरजेचे, तंबोरे बनवणारे. मी विचारलं, कॉम्प्युटर येतो का? “न्हाई वो. ह्यातलं ओ की ठो कळत न्हाई. इंग्रजी अक्षरं तेवढी वाचतो.” मला मनात वैतागच आला. पण त्यांनी लॅपटॉप दिव्याखालून ओढला, वर आपला कोट धरला आणि आत डोकं घालून बराच वेळ बसले. मग म्हणाले, “काळा न्हाई हा. लय बारीक उजेड हाय. तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा असला की असंच अंधारात धरून बघावं लागतंय.” तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. बॅटरी पुरावी म्हणून पडद्याचा उजेड मीच पार तळाला नेला होता, सहा वर्षांपूर्वी. मला त्याचं काय काम होतं? मग मी ते विसरूनही गेलो होतो. उजेडाचं बटण मी दाबत गेलो आणि इस्माईलभाई म्हणाले, “आलं, आलं. आता ह्येच्यावर लिवलंय बघा...”

विंडोजचा पेन लावला आणि आम्ही सुरुवात केली. आजवर मला मदत करणारे सगळे जाणकार. ते पडदा बघतात, ‘हां, कळलं’ म्हणतात आणि पुढे जातात. इस्माईलभाईंना काहीच कळत नव्हतं, म्हणून ते सगळं वाचत होते, एक-एक अक्षर, सुटं सुटं. घाईनं माझी मांडी हलत होती. शेवटी डिस्कच्या भागांची यादी आली. विंडोजचा भाग तिसरा, हे मला पाठ होतं. त्यांनी “पहिल्या ओळीवर निळं हाय” म्हणताच मी दोनदा बाण खाली दाबला, खाली फॉरमॅटच्या बटणापर्यंत गेलो आणि एंटरवर बोट ठेवलं. “थांबा,” ते म्हणाले. “माझं वाचून झालं न्हाई.” मी म्हटलं, राहू द्या, माहीत आहे मला. त्यांनी सरळ माझ्या बोटावर आपला हात ठेवला. लाकडानं घासून घासून खरखरीत झालेला हात. म्हणाले, “ह्या ओळीत पुढं नाव हाय. टी. ए. टी. वाय. ए.”

ते तात्या होते. डी ड्राइव्हला मीच हौसेनं ते नाव दिलं होतं. यादीचा क्रम तिथं वेगळा होता. एंटर दाबलं असतं तर चार हिवाळे गेले असते. मी एंटरवरचं बोट उचललं. इस्माईलभाई वाचत राहिले आणि त्यांनी ‘हं’ म्हटल्याशिवाय मी एकही बटण दाबलं नाही. तासाभरानं लॅपटॉप इंग्रजीत बोलला. मग डी उघडला, तिथं ठेवलेला मराठी वाचणारा प्रोग्राम चालवला आणि पहिलं भजन ऐकलं. दुकानदार जेवून आला होता, त्याची मी माफी मागितली. माझ्या डोळ्यांना पाणी तेवढं येतं, ते त्याच्या टेबलावर सांडलं.

शालनच्या घरी तात्यांच्या उशाशी बसलो. त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर होता. आवाजाचा वेग मी अगदी कमी केला, आयुष्यात पहिल्यांदा. लॅपटॉप वाचत होता, तेही कसं, ना सूर ना ताल, सरकारी हुकूम वाचल्यासारखं. शालन हुंदके देत होती. दहा-बारा भजनं झाली. आणि एका ओळीवर तात्यांनी माझ्या मनगटावर बोटानं टकटक केलं. मी थांबलो. ती ओळ पुन्हा लावली, पुन्हा टकटक. एक-एक शब्द वाचून घेतला तेव्हा सापडलं. तिथला एक शब्द मी घाईत गाळला होता. मी तो म्हणून दाखवला, टाइप केला, ओळ पुन्हा लावली. तात्यांनी मनगट हलकेच दाबलं, म्हणजे आता पुढं.

सगळी भजनं व्हायला तीन दिवस लागले, आणि तात्यांनी मला सात वेळा थांबवलं. चौथ्या दिवशी पहाटे ते गेले. याला कुणी चमत्कार म्हणावं असा माझा हट्ट नाही. इस्माईलभाई कुठं अंतर्धान पावले नाहीत, त्यांचा फोन नंबर माझ्याकडे आहे आणि खंडेनवमीला मी त्यांना फोन करतो. सौ. अजून दोरा बांधते, आता दोन्ही पेनना, आणि दोन्हींवर तात्यांची भजनं आहेत. माझी घाई गेली असंही नाही. पण मशीन एखादं वाक्य बोलू लागलं आणि माझं बोट बटणाकडे गेलं की मनगटावर टकटक झाल्यासारखं वाटतं. मग मी हात मागे घेतो आणि ते वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतो.