सुगडाखालची खापरी

आयुष्यात एकदाच मी सूर्याला फसवायला गेले, आणि तेही मला धड जमलं नाही. जमलं नाही याचं आज इतकं बरं वाटतं की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

देवळात मी फारशी जात नाही. दर्शनाच्या रांगेत उभी राहिले की घरी गॅस चालू राहिल्याची शंका येते आणि मग देवाशी बोलणं होत नाही, गॅसशीच होतं. पण सकाळी गच्चीवर ऊन आलं की माझे हात आपोआप जुळतात. कुरडया त्यानं वाळवायच्या, लोणचं त्यानं मुरवायचं, ज्वारी त्यानं पिकवायची, आणि आपण नुसतं ‘मी केलं’ म्हणून ताटात वाढायचं. त्याला एक नमस्कार करायला रांग लागत नाही. भाकरीच्या पिठाची पहिली चिमूट मी तुळशीच्या मातीवर ठेवते. तुळस रंगाच्या रिकाम्या बादलीत आहे, मुंग्यांना त्याचं काही वाटत नाही. हे सगळं माझ्या आईकडून आलेलं. सासरी आल्यावर कळलं, की सासूबाई या बाबतीत माझ्या चार पावलं पुढं आहेत. सूर्य दिसल्याशिवाय त्या चहाचा घोटही घेत नाहीत.

गावी हे सोपं होतं. आमचं गाव अजिंठ्याच्या अलीकडं. घर पत्र्याचं, पण दार पूर्वेला आणि दारासमोर शेतं. त्या उंबऱ्यात आल्या की सूर्य हजर. इथं शहरात, आमच्या पुंडलिकनगरात मात्र तो नऊ वाजता उगवतो, कारण समोर चार मजली इमारत आहे आणि तिच्यावर पाण्याच्या टाक्या.

मागच्या जूनमध्ये अंगणात शेळीच्या दाव्यात पाय अडकून सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन शहरातच झालं आणि तिथून त्या सरळ आमच्याकडं आल्या. पहिले दोन महिने तर पलंगावरच होत्या. त्यांच्या खोलीची खिडकी पश्चिमेला, म्हणजे सूर्य दिसायची सोयच नाही, आणि सूर्य नाही तर चहा नाही. “आई, औषध घ्यायचंय, निदान दोन घोट घ्या,” मी विनवायचे. त्या तोंड फिरवायच्या. शेवटी मी एक युक्ती केली. मी शिकवते ती शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी वेळ असायचा. टाक्यांच्या वर सूर्य आला की मी वेणीफणीचा आरसा घेऊन गॅलरीत जायचे आणि तिथून उघड्या दारातून त्यांच्या भिंतीवर कवडसा पाडायचे. त्या झोपल्या झोपल्या कवडशाला हात जोडायच्या आणि मग म्हणायच्या, “आण बाई चहा.” पावसाळी दिवसांत आम्ही उजेडावर भागवून घेतलं.

इतकं सगळं गोड सांगितल्यावर पुढचंही सांगायला हवं. दिवाळीच्या सुमारास त्या वॉकर धरून चालायला लागल्या आणि चालत चालत पहिल्यांदा आल्या त्या माझ्या स्वयंपाकघरात. तिथून आमचं बिनसलं. कुकर त्यांना मान्य नव्हता. “यात शिजतं, पण चवीला लागत नाय,” त्या म्हणायच्या आणि डाळ पातेल्यात काढायच्या. तिखटाचा डबा खालच्या फळीवर आला, चहाचा वर गेला. येसर विकतचं आणलं म्हणून दोन दिवस बोलल्या नाहीत. मग स्वतः खुर्चीवर बसून गहू, हरभरा, धणे, मिरच्या सगळं भाजलं, मला मिक्सरवर दळायला लावलं आणि त्याची आमटी केली. आमटी उत्तम झाली होती. मी “बरी झालीय” म्हणाले आणि मुकाट्यानं जेवले.

मला आरडाओरडा जमत नाही. माझा राग भांड्यांतून निघतो. ताटल्या जरा जोरात ठेवायच्या, झाकण जरा लांबून टाकायचं. त्या ऐकायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, “भांडी लई बोलतात गं तुझ्या घरची.”

जानेवारीत त्या काठीशिवाय जिना चढून गच्चीवर जाऊ लागल्या. आता काही काळजी नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि घरात एक प्रश्न येऊन बसला. आता आईंनी इथंच राहायचं की गावी परत जायचं? गावी चुलत दिरांचं घर भिंतीला भिंत लागून आहे, हाक मारली तर माणूस येतं. तरीही नवऱ्याचं ठरलेलं होतं. “आई इथंच राहील,” एवढं बोलून तो पेपर उघडायचा. सासूबाई काहीच बोलायच्या नाहीत. आणि मला, खरं सांगते, त्यांनी जावं असं वाटत होतं.

त्याला दोन कारणं होती. एक, मला माझं स्वयंपाकघर परत हवं होतं. दुसरं, त्या इथं झिजत होत्या. गच्चीवर खुर्ची टाकून त्या टाक्यांच्या फटीतून सूर्य शोधत बसायच्या. शेजारणीशी बोलायला त्यांच्याकडं विषय नसायचा. दुपारभर हातात काही नाही म्हणून निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायच्या. यातलं कोणतं कारण खरं आणि कोणतं मी स्वतःला बरं वाटावं म्हणून पुढं करते, हे मला कळत नव्हतं. म्हणूनच तोंड उघडायची हिंमत होत नव्हती. “आई, तुम्ही आता गावी जा,” हे वाक्य सुनेच्या तोंडून एकदा निघालं की पुढच्या प्रत्येक लग्नात, बारशात ते आपल्या आधी जाऊन बसतं.

रथसप्तमीला चार दिवस होते. जेवताना सासूबाईंनीच विषय काढला.

“यंदा दूध म्या उतू घालणार. गावाच्या अंगाला उतलं तर म्या जाणार. दुसरीकडं गेलं तर ऱ्हाईन. मंग कोणी काय बोलायचं नाय.”

रथसप्तमीला आमच्याकडं तुळशीपुढं गोवऱ्या पेटवून, संक्रांतीच्या सुगडात दूध तापवून सूर्यासमोर उतू घालतात. ज्या अंगाला दूध उतेल त्या अंगाला यंदा बरकत, असं मानतात. उरलेल्या दुधाची खीर करायची आणि तिचा नैवेद्य सूर्याला. आमच्या गच्चीवरून गाव ईशान्येला येतं.

“आठ दिशांतली एक गावाची, सात आपल्या,” नवरा मला हळूच म्हणाला. तो खूश होता.

मला मात्र धास्ती बसली. त्यांना खरंच राहायचंय म्हणून त्यांनी गावाला एकच दिशा दिली का? की त्यांना जायचंय आणि बोलता येत नाही? चार दिवस मी त्यांच्या तोंडाकडं बघून अंदाज घेत होते. त्या नेहमीसारख्याच तांदूळ निवडत होत्या.

औरंगपुऱ्यातून गोवऱ्या आणल्या. त्या आता प्लॅस्टिकच्या पाकिटात मिळतात, बिस्किटांसारख्या मोजून. शाळेत रजा टाकली. सकाळी सासूबाई अंघोळीला गेल्या तेव्हा मी गच्चीवर जाऊन रांगोळीचा रथ काढला, गोवऱ्या रचल्या, त्यावर सुगड ठेवलं. तेवढ्यात फुटक्या कुंडीची एक खापरी तिथं पडलेली दिसली. मी ती उचलली आणि सुगडाखाली एका बाजूनं सरकवली, अशी की सुगड अगदी जरासं, कुणाला कळू नये इतकं, गावाकडं कललं. मग टाक्यांमागच्या सूर्याकडं पाठ करून खाली आले. त्या दिवशी मला त्याच्याकडं बघवेना.

ऊन टाक्यांवरून उतरून रांगोळीवर आलं. सासूबाईंनी गोवऱ्या पेटवल्या, दुधात चार दाणे तांदूळ टाकले आणि हात जोडून डोळे मिटले. नवरा भिंतीला टेकून उभा. धूर सरळ वर जात होता. दुधावर साय धरली, कडेनं बुडबुडे आले, आणि ते फुगत वर यायला लागलं.

पुढं जे झालं त्याचं खापर मी कुणावर फोडू? तीस वर्षं मी दूध उतू जाऊ नये म्हणून धावते आहे. फोन टाकून, केस धुता धुता, एकदा तर दारात आलेल्या पाहुण्याला तिथंच उभं करून. दूध काठाशी आलं आणि मी वाकले, जोरात फुंकर मारली, आणि दोन्ही हातांनी पदर धरून सुगड उचलून खाली ठेवलं. दूध बसलं. एक थेंबही सांडला नाही.

सासूबाईंनी डोळे उघडले. सुगड जमिनीवर आणि गोवऱ्यांमध्ये काळी पडलेली खापरी, सगळ्यांना दिसेल अशी.

“हे कोणी ठिवलं?”

खोटं बोलता आलं असतं. राखेतच होती म्हणाले असते. पण त्या माझ्याकडंच बघत होत्या. “मी ठेवलं,” मी म्हणाले.

“कोणत्या अंगाला कललं व्हतं?”

“गावाकडं.”

नवऱ्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी त्याच्या आईला सामानासकट रस्त्यावर ठेवलं. माझे कान तापले. आता आपण वाईट ठरलो, कायमच्या ठरलो, असं मला स्पष्ट वाटलं. सासूबाई मात्र खापरीकडं बघत बसल्या होत्या.

“मंग उतू का दिलं नाय?” त्यांनी विचारलं.

“हाताची सवय, आई. कळलंच नाही मला.”

त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग तोंडावर पदर घेऊन हसल्या. “म्या आठ दिसापास्नं बोचकं बांधून ठिवलंय पलंगाखाली,” त्या म्हणाल्या. “जायचंच व्हतं मला. पर तू एवढं केलंस, आरसा घेऊन उन्हात उभी ऱ्हायलीस. तुला कसं म्हणावं, मला इथं करमंना? आन् हा,” त्यांनी नवऱ्याकडं बोट केलं, “हा तर लगेच तोंड पाडून बसतो. देवानं सांगितलं म्हणलं की कोणाला राग येत नाय.”

“आणि दूध दुसरीकडं उतलं असतं तर?” नवऱ्यानं विचारलं.

“तर म्हणले असते, धूर गेला डोळ्यात, मला काय दिसलं नाय.”

मला रडू आलं. त्या जाणार म्हणून नाही. इतके दिवस मी ज्याला माझा स्वार्थ समजून लपवत होते, तेच त्यांनाही हवं होतं आणि त्याही ते लपवत होत्या. आम्ही दोघी एकमेकींना जपत जपत एकमेकींना छळत होतो. छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसं मला झालं. सासूबाईंनी एका काटकीनं खापरी बाहेर ढकलली, सुगड पुन्हा गोवऱ्यांवर ठेवलं आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले. या वेळी दूध आलं ते मनसोक्त उतलं. पाण्याच्या टाकीच्या दिशेला गेलं.

“आई, तुला आता टाकीत राहावं लागणार,” नवरा म्हणाला. हसला, पण डोळे पुसत. नंतर आम्ही खीर केली. गूळ खाली उतरवल्यावर घातला, नाहीतर दूध फाटतं. त्या दिवशी भांडी मी अगदी हलक्या हातानं ठेवली, आणि ती का हलकी ठेवतेय हे त्यांना कळत होतं. मी उतू का दिलं नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. शोधायची घाईही नाही.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांना गावी सोडायला गेलो. कुलूप लवकर निघेना, पण किल्ली त्यांनी नवऱ्याला दिली नाही. चुलत जावेनं घर झाडून ठेवलं होतं, हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून आणला होता. सासूबाईंनी चूल पेटवली. मी सवयीनं उठून परात घ्यायला गेले, तर त्यांनी माझ्या हातातून ती काढून घेतली.

“पाहुणी हायस आज. बस तिकडं.”

मी बसले. हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा, त्यात कांदा, दाण्याचं कूट आणि वरून कच्चं तेल. भाकरी चुलीवरून थेट ताटात. मी बोटं भाजत खाल्लं. नवरा चुलत भावाबरोबर शेताकडं गेला होता, घरात आम्ही दोघीच. त्या काय कुठं ठेवतात, किती तेल घालतात, इकडं माझं लक्षच नव्हतं.

ताट रिकामं झाल्यावर मी म्हणाले, “आई, अजून एक भाकरी द्या.”

त्यांनी चुलीवरून मान वळवून माझ्याकडं पाहिलं. दिवाळीपासून मी त्यांच्या हातचं गुमान जेवले होते, पण मागून कधी काही घेतलं नव्हतं. त्यांनी परात पुढं ओढली आणि दोन भाकरींचं पीठ घेतलं.