उजेड गेला, रेडियम राहिलं

"ताई, या बघा. देवघरातल्या समईवानी लख्ख केलंय."

आमचे फिटर बबनराव कॉकपिटमधून वाकून मला बोलावत होते. कॉकपिट म्हणजे वैमानिकाची बसायची जागा. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आयुधांची पूजा करतात, आणि आमच्या संग्रहालयात आयुध म्हणायला हे एकच जुनं लष्करी विमान. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, एकावर एक दोन पंख. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर ते आमच्या शहरात बेवारस पडलं होतं. पुढे एका कॉलेजात पोरांना शिकवायला वापरलं गेलं, म्हणून टिकलं. तसली विमानं आता फार उरलेली नाहीत. त्याची देखभाल हे माझं काम.

मी शिडीवर चढले. उंची दाखवणाऱ्या तबकडीची काच काढून बाजूला ठेवली होती. पितळी कडा चिंचेनं घासलेली. आतले आकडे अर्धे गायब. सीटवर पिवळट भुगा.

"बबनराव, आधी खाली उतरा. आकडे कशानं पुसले?"

"फडक्यानं. लई मळ होता."

"फडकं कुठंय?"

"डब्याला गुंडाळलंय की. आता जेवायलाच बसणार होतो."

डबा मी हातमोजे घालून उचलला आणि फडक्यासकट पिशवीत बंद केला. त्यांना नळावर पाठवलं. कोपरापर्यंत साबण लावा, तोंडाला हात लावू नका.

"इंचू बसला होता का काय त्यात?" ते हसत होते. मला हसू येत नव्हतं.

त्या काळी अंधारात दिसावेत म्हणून तबकडीचे आकडे रेडियमच्या रंगानं रंगवायचे. रेडियमच्या माऱ्यानं रंगातली दुसरी पूड उजळायची. काही वर्षांत ती पूड थकते आणि उजेड जातो. रेडियम मात्र तसंच राहतं. ते निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. काचेआड आहे तोवर ठीक. पण त्याचा भुगा झाला आणि श्वासातून किंवा घासातून पोटात गेला, की तो हाडांत जाऊन बसतो.

आणि दुसऱ्या दिवशी याच सीटवर शाळेची पोरं बसणार होती. फोटोसाठी, एकेक करून.

मी विश्वस्त देशमुख साहेबांना बोलावून घेतलं.

"चमकतंय का ते? नाही ना. मेलंय ते कधीच," साहेब म्हणाले.

"उजेड मेलाय, सर."

"तुझ्या बापानं जन्मभर अणुभट्टीविरुद्ध पत्रकं वाटली, आता तू सुरू केलंस. निमंत्रणं गेलीत. माझी नात पहिली बसणार आहे."

मी वाद थांबवला. जवळच गारखेड्याला राहणाऱ्या फिजिक्सच्या कुलकर्णी मॅडमना फोन केला. त्या कॉलेजातून गायगर काउंटर घेऊन आल्या. किरणोत्सार जितका जास्त तितकी त्याची टकटक जास्त, एवढं साधं यंत्र. बबनरावांच्या हातांजवळ नेलं, अधूनमधून एखादी टक. पिशवीजवळ नेलं, टकटक वाढली. तबकडीपाशी तर वेगळा आवाजच ऐकू येईना, नुसती घरघर. मग मॅडमनी काउंटर सीटवर धरला. परत टकटक.

साहेबांनी शिडीवरचा पाय खाली घेतला.

"मग तबकड्या काढ. नव्या बसव. पोरं बसू देत."

"सीटवरचा भुगा? लाकडाच्या फटीतला?"

"मागच्या महिन्यात मला एक खिळा काढू देत नव्हतीस! मूळ वस्तूला हात लावायचा नाही म्हणून भांडलीस."

"भांडले. आज मीच म्हणतेय, काढा. पण परवाना असलेल्या माणसांनी. तोवर कॉकपिट बंद."

साहेब बराच वेळ विमानाभोवती फिरले. मग बबनरावांना म्हणाले, "दोरी बांधा. लांबून."

पोरांनी दोरीबाहेरून विमान पाहिलं. साहेबांची नात रुसली. महिनाभरात माणसं आली. तबकड्या, सीट, फडकं, डबा, सगळं पेटीत बंद करून घेऊन गेली. विमानात आता तबकड्यांच्या जागी गोल भोकं आहेत. मला ती अजून बघवत नाहीत.

पाटीवर साहेबांना "तांत्रिक कारणामुळे" असं लिहायचं होतं. मी खरं कारण लिहिलं. त्यावरही भांडण झालं. पाटी माझीच लागली.

बबनरावांच्या श्वासातून किती गेलं, हे कोणत्याच डॉक्टरला सांगता आलं नाही. दर वर्षी मी त्यांना तपासणीला घेऊन जाते. निकाल येईपर्यंत मला झोप लागत नाही, त्यांना लागते.

या धंद्यात मी एक गोष्ट शिकले. जुन्या यंत्राला मेलेलं समजून हात घालायचा नाही.

खंडेनवमीला बबनराव अजून हार आणतात. दोरीवरच घालतात.

"दिसतंय की विमानाला इथनं," म्हणतात.