चाळीस दिवसांचं प्रायश्चित्त

"पोथीत बघायला हवं," असं म्हणून आमचे भटजी आधी तपकिरीची चिमूट ओढत, मग उपरण्याने नाक पुसत आणि मग सावकाश लाल फडक्याची गाठ सोडत. प्रश्न कसलाही असो. विहिरीत मांजर पडलं, पाणी कधी प्यायचं? मुंबईहून आलेली बिस्किटं सोवळ्यात चालतात का? उत्तर सापडायला हमखास चहा येईपर्यंत वेळ लागे. असे भटजी तुम्हीही पाहिले असतील. पण आमच्यासारखे नाही, पैज लावून सांगते.

मी लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा ते साठीचे असतील. हे मुंबईला कारकून, घरी मी आणि सासूबाई. मला पहिल्यांदा दिवस गेले त्या साली ऐन कैऱ्यांच्या दिवसांत ग्रहण लागलं, तेही भर दुपारी. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरायचं नाही, कापायचं नाही. सासूबाई देवापाशी जपाला बसल्या आणि मला मागच्या पडवीत बसवून ठेवलं. समोर कैऱ्यांची टोपली. डोहाळ्यांना ग्रहण कुठलं कळायला! मी विळीवर एक कैरी चिरली आणि मिठाला लावून खाल्ली.

पंधरा दिवसांनी, पाचव्या महिन्यात, माझं पोट पडलं.

कैरीचं मीच सासूबाईंना सांगितलं. मनात ठेववेना. त्या रागावल्या नाहीत, घाबरल्या. "पुढच्या मुलाला भोवेल गो हे," म्हणाल्या आणि विटाळ फिटल्यावर त्यांनी भटजींना बोलावलं.

मी दाराआड उभी होते. माझं मूल मी मारलं की नाही, एवढंच मला ऐकायचं होतं.

"पोथीत बघायला हवं." त्या दिवशी त्यांनी तपकीर ओढली नाही. चहा आला, निवला, तरी पानं उलटतच होते. मग म्हणाले, "वहिनी, दोष नाही. पण मन निवावं म्हणून प्रायश्चित्त आहे. मुलीने चाळीस दिवस मऊ भात खायचा, वर साजूक तूप. दुपारी निजायचं. रहाटाला हात लावायचा नाही. यात कसूर झाली तर दोष घरातल्या वडील बाईला."

"मग पाणी काढायचं कोणी हो?"

"ते पोथीत दिलेलं नाही."

मग ते दाराकडे वळून जरा मोठ्याने म्हणाले, "मुली, ऐकलंस ना गो? दोष नाही." तेव्हा मला पहिल्यांदा मोकळेपणी रडू आलं.

सासूबाईंनी चाळीस दिवस धापा टाकत रहाट ओढला आणि मला तूप वाढलं. मी चांगली बाळसेदार झाले.

दुसऱ्या वर्षी मुलगा झाला. बारशाला आलेले भटजी विहिरीवर पाय धुवायला गेले आणि मी पोथी उघडली. मला अक्षरओळख होती. ते पान पाहून ठेवावं, कुणाच्या उपयोगी पडेल, एवढाच विचार. पण सगळी पोथी वास्तुशांतीची निघाली.

भटजी मागे येऊन उभे होते. रागावतील असं वाटलं. ते पायरीवर बसले.

"आमच्या हिचं पोट दोनदा पडलं. मी तरुण होतो, शहाणा होतो. खऱ्या पोथीत बघून तिला उपास लावून दिले. तिने एक चुकवला नाही. पुढे जन्मभर, माझं काय चुकलं, असं मला विचारत राहिली. जाईपर्यंत." त्यांनी फडक्याला गाठ मारली. "तेव्हापासून घरोघर हीच पोथी नेतो. बोलू नकोस कुठे."

मी बोलले नाही. भटजी जाऊनही आता पाच-सहा वर्षं झाली. नवे भटजी विद्वान आहेत, चहाला थांबत नाहीत.

परवा शेजारच्या सुनेचंही पोट पडलं. तिची सासू नव्या भटजींकडे निघाली होती, तिला मी त्यांच्या अंगणातच अडवलं. "कशाला जाता? आमच्या भटजींनी पोथीत बघून सांगितलेलं मला पाठ आहे." मऊ भात, तूप, दुपारची झोप, रहाटाला हात नाही, सगळं सांगितलं.

"मग रहाट कोणी ओढायचा?"

"तो तुम्ही ओढायचा."

आत दाराआड बांगड्या वाजल्या. मी तिकडे वळून जरा मोठ्याने म्हटलं, "मुली, ऐकलंस ना गो? दोष नाही."