दर्या नसलेल्या गावी

"मला असल्या ठिकानी न्या, जिथं दर्या न्हाय," असं माझ्या सासूबाईंनी, आवडाबाईंनी, भर जेवणात जाहीर केलं, तेव्हा सासरे हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मला मात्र आईंचा आवाज ओळखू येतो. ती थट्टा नव्हती.

माझे सासरे म्हणजे येसाजी तांडेल, आडनावाने तांडेल आणि कामानेही तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. हरिहरेश्वरजवळच्या आमच्या कोळीवाड्यात चाळीस वर्षं स्वतःची होडी हाकणारा माणूस. अर्धा जन्म समुद्रावर गेला आणि उरलेला अर्धा समुद्राविषयी बोलण्यात. फिरायला नेलं तरी तेच. गणपतीपुळ्याला आई दर्शनाच्या रांगेत आणि हे कुणाच्या तरी होडीवर जाळं ओढायला. द्वारकेला देवाला हात जोडले न जोडले तोच बंदराकडे पळाले, तिथल्या खलाशांशी अशी गट्टी जमली की गाडी चुकली. कन्याकुमारीची गोष्ट तर आई सांगतच नाहीत, नुसता कपाळावर हात मारतात.

"सवत परवडली गं रचना," त्या मला म्हणाल्या. "तिच्या झिंज्या तरी उपटता येतील. दर्याचं काय उपटू? चार दिस मला ह्या मानसाशी बोलायचंय. मधे पानी नको."

मी शाळेत शिकवते, त्यामुळे घरातली तिकिटं, हिंदी आणि मध्यस्थी माझ्या वाट्याला येते. मी जैसलमेर ठरवलं. आता कोळ्याला सुट्टी कधी मिळते? पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि होड्या शाकारून ठेवलेल्या असतात तेव्हा. म्हणून सगळं जग हिवाळ्यात वाळवंट बघायला जातं आणि आम्ही गेलो जूनमध्ये. हॉटेलवाल्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घरून हाकलून दिलेली माणसं आहेत की काय, असं त्याला वाटलं असावं. अख्ख्या हॉटेलात आम्ही तिघंच.

ऊन असं, की पापलेट ठेवलं तर तव्याशिवाय तळून निघेल. पण आई खूश. सकाळी सहालाच आम्ही किल्ल्यावर चढलो. पिवळ्या दगडाचा तो भलाथोरला किल्ला, आत अजून माणसं राहतात, दारांसमोर रांगोळ्या, गल्लीत गाई. आई प्रत्येक कोरीव खिडकीखाली थांबून "अवो, बघा तरी" म्हणत होत्या. बाबा तटावर उभे राहून चहूकडची वाळू बघत होते.

"जंजिऱ्याचं समजतं," ते अखेर बोलले. "हितं दर्याच न्हाय, तर तोफा कुनावर डागायच्या?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. पाण्यापासून इतकं लांब आणूनही सवत सोबत आलीच होती. मला त्यांची खरंच कीव आली, आणि बाबांचा रागही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीप करून आम्ही राष्ट्रीय उद्यानात गेलो. माळढोक पाहायचा होता. हा पक्षी आता इतका कमी उरलाय की दिसेलच याची खात्री देता येत नाही, असं वनरक्षकाने आधीच सांगून टाकलं. सपाट माळ, खुरटं गवत आणि वर आभाळ. बाबा मात्र जोरात होते. लांबचं बघायची सवय त्यांना, म्हणून जीपमध्ये पुढे तेच बसले. "त्यो बघा!" म्हणून त्यांनी दाखवला तो बाभळीचा खुंट निघाला. पुन्हा "त्यो बघा!" झालं, ती शेळी होती. वनरक्षक तोंड फिरवून हसला.

मग मागून आई हळूच म्हणाल्या, "थांबवा. त्या तिकडच्या ठिपक्याला पाय हाईत."

वनरक्षकाने दुर्बीण लावली आणि आनंदाने जीपवर थापच मारली. माळढोक! उंच मान, पांढरा गळा, एखाद्या श्रीमंत म्हातारीसारखी सावकाश चाल. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. आईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुला कसा दिसला?" बाबांचा मान गेला होता.

"तुमची होडी बघून बघून," आई म्हणाल्या. "रोज देवळामागल्या खडकावर उभी ऱ्हायची मी. ठिपका दिसला, आपलाच हाय असं वळखलं, की मग जीव खाली."

"मला तर कवा दिसली न्हाईस."

"दिसनार कुठून? होडी लागेस्तवर मी टोपली घेऊन बंदरावर. आल्या आल्या तुमी विचारायचे, बर्फ आनला का?"

"आनि तू?"

"मी म्हनायची, व्हय, आनलाय."

 परतल्यावर जेवणात बाबांनी मीठ मागितलं नाही, आणि डाळ अळणी होती.

संध्याकाळी गडीसरला गेलो. राजांनी कधीकाळी शहरासाठी बांधलेला तलाव, पाण्यात दगडी छत्र्या. हे पाणी माझ्या लक्षातच आलं नव्हतं! काठाला भाड्याच्या होड्या दिसल्या आणि बाबांची चाल बदलली. बघता बघता ते होडीवाल्याशी बोलायला लागले, वल्ही उचलून पाहायला लागले. आई पायरीवर पाठ फिरवून बसल्या. "झालं," त्या म्हणाल्या. "गेलं मानूस." आवाज रडवेला होता. मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

तेवढ्यात बाबा समोर येऊन उभे राहिले. "चल, ऊठ. होडी घेतलीय."

"कुनासाठी?"

"दोघांसाठी."

आई थक्क झाल्या. आमच्या वाड्यात बाईमाणूस मासेमारीच्या होडीत चढत नाही. लाँचने त्या कितीदा गेल्या असतील, पण नवऱ्याच्या हाताखालच्या होडीत एकदाही नाही. "बाईमानूस होडीत? लोक काय म्हनतील?"

"हितं कोन वळखतो आपल्याला? ही होडी काय मासे धराया चाललीय?" असं म्हणत त्यांनी हात पुढे केला.

आई लुगडं सावरत बसल्या. बाबा समोरच्या फळीवर बसले, त्यांच्याकडे तोंड करून, आणि वल्ही मारायला लागले.

"अवो, पुढं बघा की! छत्रीवर आपटाल."

"पुढचं तू बघ. तुला दिसतंय चांगलं. मी हितंच बघनार."

"डावीकडं!" आई ओरडल्या. "अजून डावीकडं! कसले तांडेल तुमी!" आणि लाजून पदर तोंडाला लावून अशा हसल्या, की काठावरची कबुतरं उडाली. मग दोघं काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही. बोलत मात्र होते. होडीवाल्याने वेळ संपल्याची शिट्टी दिली. बाबा निमूटपणे होडी काठाकडे वळवायला लागले.

तोच तळ्याच्या मधून आईंचा आवाज आला, "रचना! अजून एका फेरीचं तिकीट काढ गं!"