ड्रॅगनच्या खिशातलं गाजर

मावशी फौजेत ड्रॅगन होती. कागदोपत्री 'सराव मदतनीस', पण काम ड्रॅगनचंच. हिरव्या ताडपत्रीचा झगा, त्यावर पत्र्याचे खवले, दोन बाजूंना पंख, मागे लांबलचक शेपूट आणि तोंडाशी धुराचं मडकं. रोज सकाळी हे सगळं अंगावर चढवून पागेच्या अंगणात डरकाळ्या फोडायच्या, म्हणजे लढाईत खरा ड्रॅगन समोर आला तरी घोडे बुजणार नाहीत. वीस वर्षांत तिचा आवाज असा तयार झाला होता, की तिने नवऱ्याला जेवायला हाक मारली तरी शेजारी दारं लावून घ्यायचे.

बाकीचे घोडे चार-सहा दिवसांत सरावायचे. एकच नग सुधारेना. उंच, काळाभोर, बघूनच शत्रूने शस्त्रं खाली ठेवावीत असा. आणि वाळत घातलेल्या टॉवेलला भिऊन कुंपण ओलांडणारा. स्वार त्याला भागुबाई म्हणायचे.

"मावशी, पुढच्या महिन्यात मोहीम आहे," पागेचे प्रमुख म्हणाले. "तोवर हा सरावला तर ठीक, नाहीतर चुन्याच्या भट्टीवर गाडीला जुंपायचा."

भट्टीवरचा घोडा वर्षभरही जगत नाही, हे मावशीला माहीत होतं. आणि या भित्र्यावर तिचा फार जीव होता. का, ते विचारू नये. गुण बघून जीव लावायचा म्हटलं तर तिचा संसार तरी कुठे टिकला असता?

शेवटी तिने सरावात घोड्यांना खाऊ न देण्याचा नियम मोडला. झग्याच्या डाव्या पंखाखाली खिसा शिवला आणि त्यात गाजर ठेवलं. वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. पहिल्या दिवशी भागुबाईने लांबूनच वास घेतला. आठव्या दिवशी डरकाळी ऐकली की तो धावत येऊन पंखाखाली नाक खुपसू लागला. प्रमुखांनी "निधडा गडी!" म्हणत त्याला मोहिमेत घेतलं. मावशीने गाजराबद्दल चकार शब्द काढला नाही.

खिंडीत खऱ्या ड्रॅगनने डरकाळी फोडली तेव्हा सगळे घोडे शिकवल्यासारखे जागच्या जागी उभे राहिले. भागुबाई एकटाच पुढे धावला. लगाम ओढून ओढून स्वार रडकुंडीला आला. घोड्याने थेट डाव्या पंखाखाली नाक खुपसलं, खिसा सापडेना म्हणून थोडं चावूनही पाहिलं. तीनशे वर्षांत ड्रॅगनशी इतकी सलगी कुणी केली नव्हती. त्याला गुदगुल्या झाल्या की लाज वाटली कोण जाणे, पण तो जो उडाला तो डोंगरापलीकडे गेला आणि परत आलाच नाही.

भागुबाईला पदक मिळालं, स्वाराला बढती. मावशी घरून तशीच, साध्या कपड्यांत, गाजर घेऊन त्याला भेटायला धावली. तिला बघून तो फुरफुरला आणि चार पावलं मागे सरला. झग्याबाहेर त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. स्वार हसले. मावशीला ते फार लागलं.

मग तिने छाती भरून श्वास घेतला आणि डरकाळी फोडली.

शूर स्वार दचकून मागे पळाले. भागुबाई धावत आला आणि तिच्या डाव्या काखेत नाक खुपसून उभा राहिला. गाजर तिच्या उजव्या हातात होतं, ते त्याला बराच वेळ दिसलंच नाही.