आत्याची वाटणी

आमच्या घरात आत्याची वाटणी झालेली होती. जमिनीची वाटणी आजोबांच्या हयातीतच उरकली होती आणि नंतर वाटण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. म्हणूनही असेल, मंडळी आत्याकडे वळली. तिची छाती बाबांकडे होती. पोट मोठ्या काकांकडे. गुडघ्यांपासून खालचं सगळं काकूकडे. माझ्या वाट्याला काही आलं नव्हतं, कारण मी घरातली सगळ्यांत लहान, आणि त्यात इंग्रजी शाळेत जाणारी.

आत्या ही काकांची आणि बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन ती भोईवाड्यातल्या आमच्या घरी परत आली, आणि पुढे माझी आई गेली तेव्हा मला तिनंच वाढवलं. मी फारशी बोलत नसे. न बोललेलं ऐकू येणारं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे ती. त्यामुळे आत्याचं काय होणार, हा प्रश्न मला मुंबईचं काय होणार यापेक्षा मोठा वाटायचा. पण तसं म्हणायची त्या दिवसांत सोय नव्हती.

तिचं दुखणं हळूहळू आलं. जिना चढताना मधल्या वळणावर ती थांबू लागली आणि थांबायला निमित्त हवं म्हणून शेजारणीशी गप्पा मारू लागली. आडवी झाली की खोकला यायचा, म्हणून उशीवर उशी रचून ती जवळजवळ बसूनच झोपायची. जेवणावरची वासना गेली. संध्याकाळी पाय सुजायचे, इतके की चपलेच्या पट्ट्याचा वळ पावलावर उठायचा.

खोकला छातीतला, म्हणून तो बाबांनी घेतला. बाबांकडे होमिओपॅथीची लाकडी पेटी होती आणि तिच्यासोबत आलेलं जाडजूड पुस्तक. गोळ्या साबुदाण्याएवढ्या, पण पथ्य मोठं: कांदा नाही, लसूण नाही, कॉफी नाही. जेवण बेचव झालं. मग भूक न लागण्याची जबाबदारी काकांवर आली. त्यांनी दादरच्या एका वैद्यांकडून खारट चूर्ण आणलं आणि निकाल दिला, ‘‘तोंडाला चव आली की भूक आपोआप येते.’’ म्हणजे चूर्ण, लिंबाचं लोणचं आणि दोन्ही वेळा पापड. पापडानं तहान लागायची, आत्या तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची, आणि ते पाणी पायांत उतरलं की ते काकूच्या हद्दीत जायचं. काकूनं लालबागहून एक मालीशवाली लावली होती. शिवाय ‘पाय चालते ठेवले नाहीत तर धरतात’ म्हणून रोज संध्याकाळी हिंदमाताच्या कापडदुकानांपर्यंत फेरी. पायही मोकळे होत आणि काकूच्या साड्याही बघून होत. चालून आत्याला दम लागला की ती पुन्हा बाबांच्या ताब्यात. असं प्रत्येक खात्याला भरपूर काम होतं.

एकमेकांच्या खात्यात बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. बाबांनी एकदा नुसतं ‘‘दादा, पापड जरा जास्त होतायत का?’’ असं विचारलं, तर काकांनी चष्मा काढून पुसला. ‘‘मी तुझ्या गोळ्यांबद्दल कधी काही बोललोय?’’ विषय संपला.

आणि आत्या सगळ्यांचं सगळं घ्यायची.

‘‘कशाला घेतेस इतकं?’’ मी एकदा विचारलं.

‘‘अगं बाय, चूर्ण नाही घेतलं तर मोठ्याला वाईट वाटतं. गोळी नाही घेतली तर धाकटा रुसतो. तू तरी काही आणू नकोस गं, माझ्यात आता जागा नाही.’’

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती वेगळी राहणार, असं बोललं जात होतं तो काळ. आमच्या दिवाणखान्यात रोज सभा भरायची. सभासद दोन, काका आणि बाबा. पण आवाज चौकापर्यंत जायचा. काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. ‘‘मुंबई वेगळी म्हणजे काय? माणसाचं काळीज काढायचं, शेजारच्या घरात ठेवायचं आणि वर सांगायचं, आता जगा सुखानं!’’ इथे बाबा ‘‘वा!’’ म्हणत. मागे खुर्चीत आत्या खोकत असे. माझ्याकडे लक्ष गेलं की काका म्हणत, ‘‘आमच्या मडमेला पटतंय का? की इंग्रजीत सांगू?’’ मी मान हलवायची. ती हो अशी की नाही अशी, हे मी कुणाला ठरवू देत नसे.

खरं तर मडमेकडेही सांगण्यासारखं काही नव्हतं. शाळेत आम्हाला फिजिऑलॉजी अँड हायजीन होतं आणि त्यात मला चांगले गुण मिळत. पण पुस्तकातही शरीराची वाटणीच होती: एका प्रकरणात रक्त, दुसऱ्यात श्वास, तिसऱ्यात पचन. मी प्रत्येक प्रकरण पाठ केलं होतं. ही सगळी प्रकरणं एकाच माणसात राहत असतील असा संशय मला आला नव्हता. शेवटी ‘शरीर हे एक कुटुंब’ असं काहीसं लहान प्रकरण होतं. ते परीक्षेला नव्हतं.

मग एके दिवशी शहर बंद झालं. हरताळ, आणि पाठोपाठ संचारबंदी. लालबाग-परळकडून गोळीबाराच्या बातम्या येत. गेलेल्यांची नावं काका वाचत तेव्हा त्यांचा आवाज दिवाणखान्याबाहेर जात नसे. मोर्चातून परतताना अडकलेली चार-सहा माणसं त्यांनी घरी आणली होती. ती माणसं भुकेली होती. पहिल्याच जेवणाला लोणच्याची बरणी आणि पापडांचा डबा रिकामा झाला. चूर्ण संपलं होतं आणि दादरला जाणं शक्य नव्हतं. मालीशवाली येऊ शकत नव्हती. हिंदमाताचं तर नावच नको. पाहुण्यांना आधी वाढून जे उरेल त्यात आत्याचं जेवण म्हणजे भाताची पेज, आणि घाईत काकू तिच्यात मीठ घालायला विसरायची. आत्या तक्रार करणार नव्हती. ती दिवसभर आरामखुर्चीत बसून राहायची.

आणि तिला बरं वाटू लागलं.

हे आधी मला दिसलं, कारण बाकीचे राज्याच्या काळजीत होते. संध्याकाळी आत्या स्तोत्र म्हणायची, तेव्हा ती कुठे श्वास घ्यायला तुटते हे माझ्या कानात बसलेलं होतं. त्या दिवसांत ती ओळी सबंध म्हणू लागली. मी तिच्या पायाशी बसून सवयीनं घोट्याजवळ बोट दाबायची. एरवी तिथे खळगा पडून राहायचा, आता तो भरून यायचा. मग एक दिवस घोट्याचं हाड दिसलं. मी ते हाड किती तरी महिन्यांनी बघत होते.

संचारबंदी उठल्यावर बाकीच्यांनाही ते दिसलं. बाबा म्हणाले, ‘‘बाकी सगळे उपाय बंद होते. चालू काय होतं? माझ्या गोळ्या.’’ काका म्हणाले, वैद्यांचं चूर्ण अंगी लागायला वेळ घेतं, ते आता लागलं. काकू म्हणाली, पायांना विश्रांती मिळाली हे खरं, पण आता ते धरायच्या आत चालवायला हवेत. तिघांनीही आनंदानं आपापलं काम पुन्हा सुरू केलं. नवं लोणचं आलं, नवं चूर्ण आलं. घोट्याचं हाड पुन्हा बुडालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. आम्ही तिघी हिंदमाताला एका साडीच्या दुकानात होतो. काकू एक नारळी काठाची साडी उलगडून बघत होती. आत्या गादीच्या कडेला टेकली होती. तिचा श्वास वेगळाच येऊ लागला, आत कुठे तरी पाणी उकळत असावं तसा. ओठ काळपट दिसले. माझ्या मनगटावरची तिची पकड घट्ट होत गेली.

‘‘वन्सं, उठा बघू,’’ काकू म्हणाली. ‘‘बसून राहिलं की पाय धरतात. घरी गेलं की भावोजी गोळी देतील.’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

‘‘काय नाही?’’

‘‘ती उठणार नाही. घरी पण नाही जायचं. टॅक्सी.’’

काकूच्या हातातली साडी तशीच राहिली. माझा इतका मोठा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता; मीही नव्हता. दुकानदार आमच्याकडे बघून स्वतःच रस्त्यावर धावला आणि टॅक्सी थांबवून आला.

परळच्या इस्पितळात आत्याला बसतं करून ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. तिचा श्वास जरा खाली बसला तेव्हा तरुण डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, कधीपासून होतंय? मी सांगायला लागले. इंग्रजीत, कारण हे मराठीत बोलायची मला कधी वेळच आली नव्हती. उशा किती, स्तोत्र कुठे तुटतं, खळगा केव्हा भरतो, लोणचं, पाणी, हिंदमाता, आणि ते बंदचे दिवस, पेज आणि घोट्याचं हाड. आयुष्यात मी एका दमात इतकं बोलले नव्हते. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मराठीत विचारलं, ‘‘हे तुला कुणी सांगितलं?’’

‘‘कुणी नाही. मी बघते.’’

तोवर निरोप मिळून बाबा आणि काका येऊन पोचले. एकाच्या हातात पेटी, दुसऱ्याच्या हातात चूर्णाची बाटली. डॉक्टरांनी सगळ्यांना एकत्रच सांगितलं. हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. रक्त पुढे जायला अडतं आणि मागे तुंबतं. फुफ्फुसांत तुंबलं की खोकला, पोटात तुंबलं की भूक जाते, पायांत पाणी उतरलं की सूज. मूत्रपिंडांपर्यंत रक्त कमी पोचतं. त्यांना वाटतं शरीरात पाणीच कमी पडलंय, म्हणून ती मीठपाणी साठवत बसतात आणि दमलेल्या हृदयावर आणखी भार घालतात. ‘‘दुखणं एकच आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पत्ते तीन आहेत.’’

मूत्रपिंडं मला आमच्याच घरातली वाटली. हेतू चांगला, माहिती अर्धी.

बाबांनी पेटी या हातातून त्या हातात घेतली. मग बाबा हळूच म्हणाले, ‘‘म्हणजे छातीतलंच होतं.’’

‘‘पण भूक गेली होती हे त्यांनीही मान्य केलंय,’’ काका म्हणाले.

डॉक्टरांनी मीठ बंद केलं, फिरणं बंद केलं, एक गोळी रोज घ्यायला दिली आणि वजन करत राहायला सांगितलं. झडप बरी होणार नाही, पण नीट सांभाळलं तर मावशी बरीच वर्षं काढतील. ‘‘घरी यांचं कोण बघतं?’’ त्यांनी विचारलं. तिघं एकदम पुढे झाले. ‘‘तिघं नकोत. एक माणूस सांगा. बाकीच्यांनी त्या माणसाला विचारायचं.’’

आमच्या घरात असा प्रश्न याआधी कुणी विचारला नव्हता. काकांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी काकूकडे. मग दारातून दिसणाऱ्या खाटेवरून आत्यानं हात उचलला आणि बोट माझ्याकडे केलं.

‘‘ही?’’ काका म्हणाले. ‘‘ही तर बोलत नाही.’’

‘‘आज बोललीय,’’ काकू म्हणाली. मला वाटतं, साडी राहिली याचा राग तिच्या आवाजात थोडा होता. पण ती बोलली हे खरं.

अशी आत्या सबंध माझ्याकडे आली. बाबांनी पेटी कपाटावर ठेवली. काका लोणच्याची बरणी आपल्या खोलीत घेऊन गेले आणि दार लावून जेवू लागले, तिला वासही नको म्हणून. मालीशवाली येत राहिली, पण काकूसाठी. मी कॉलेजात गेले. पण रोज सकाळी बोट दाबून बघितल्याशिवाय घराबाहेर पडले नाही.

आणि मग राज्य झालं, मुंबईसकट. भोईवाड्यात गुलाल उधळला, घराघरांवर दिवे लागले. काकांनी पेढे आणले आणि आपलं काळजाचं वाक्य शेवटचं म्हणून घेतलं. जेवायला सगळे एकत्र बसलो. त्या दिवशी बरणीही बाहेर आली होती, आणि पापडही तळले होते.

‘‘आज एवढा सोन्यासारखा दिवस,’’ आत्या म्हणाली. ‘‘अर्धा पापड द्या रे कुणी तरी.’’

काकांनी काकूकडे पाहिलं. काकूनं बाबांकडे. बाबांनी माझ्याकडे. मी मान हलवली, आणि या वेळी ती कशी हलवली हे सगळ्यांना नीट दिसलं.

‘‘काय मेलं राज्य आलंय,’’ आत्या म्हणाली, आणि अळणी आमटी ओरपू लागली.